मागच्या खोलीची किल्ली : आमच्या मंडळीच्या पंच मंडळास खुलं पत्र

प्रति,
माननीय पाळकसाहेब, चिटणीस आणि पंच मंडळाचे सर्व सभासद,
कोल्हापूर

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपताना चिटणीसांनी आपला ठराव वाचून दाखवला. अर्पणाचा हिशोब झाला, मग ठराव, मग वाढदिवसांची नावं. ठरावाला दोन मिनिटंही लागली नसतील. मंडळीत गेली कित्येक वर्षं चालत आलेल्या ‘सोबत’च्या बैठका, म्हणजे एका वडीलधाऱ्या सभासदाने एक-दोन तरुणांना घेऊन आठवड्यातून एकदा बसायचं, या महिनाअखेर बंद होणार. त्याऐवजी आठ रविवारांचा शिष्यत्व वर्ग. प्रोजेक्टर असेल, हजेरी असेल, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. चर्चच्या मागची छोटी खोली, जिथे ‘सोबत’च्या काही जोड्या बसतात, साउंड सिस्टीमचं सामान ठेवायला घेतली जाईल. कारण एवढंच सांगितलं की काही तक्रारी आल्या आहेत आणि कामात सुसूत्रता यावी.

या पत्राची एक प्रत चिटणीसांच्या हातात मी स्वतः देणार आहे. तरी उघडपणे लिहिते आहे, कारण सांगली, मिरज, इचलकरंजीच्या माझ्या ओळखीच्या बहिणींकडून असंच काहीबाही ऐकते आहे. आमच्या मंडळीचं नाव मी लिहिलेलं नाही. कुणाची बदनामी करायची नाही. ठराव मात्र मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माझा काय संबंध, ते आधी सांगते.

1996 साली मी पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यातून नर्सिंगच्या ट्रेनिंगला कोल्हापुरात आले. वय एकोणीस. वडील वारून वर्ष झालं होतं. रविवारी चर्चला जायचे ते होस्टेलच्या वॉर्डनबाई विचारतात म्हणून. तिसऱ्या का चौथ्या रविवारी एक बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “शुक्रवारी दुपारी सुटी असते ना तुला? घरी ये.” निवृत्त प्राथमिक शिक्षिका, विधवा, पंचगंगेकडच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी माझ्यासमोर सूप ठेवलं, त्यात रेशनचे तांदूळ. दुसरं सूप त्यांच्या मांडीवर. “निवड,” म्हणाल्या, “आणि मी वाचते ते ऐक.” बायबलमधलं रूथचं पुस्तक होतं. एक अध्याय झाला की वाचन थांबायचं, मग नुसते खडे निवडायचे. उपदेश नाही. उठताना एकच प्रश्न. तो त्यांनी पुढची चार वर्षं जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी विचारला: “या आठवड्यात कुणाशी बोलणं बंद केलंस?”

मी कित्येक महिने ‘कुणाशी नाही’ म्हणत राहिले. खरं म्हणजे सख्ख्या भावाशी मी बोलत नव्हते. वडिलांच्या दवाखान्याच्या कर्जापायी त्याने शेताचा तुकडा मला आणि आईला न विचारता गहाण टाकला होता. एका शुक्रवारी हातातलं सूप खाली ठेवून मी ते सगळं बोलले, रडले. आक्कांनी ऐकून घेतलं. क्षमेवरचं एकही वचन काढलं नाही. दोन आठवड्यांनी म्हणाल्या, “उद्या सकाळची एस.टी. आहे. मी येते तुझ्याबरोबर.” आम्ही गावी गेलो. दारापर्यंत आल्या आणि अंगणात पायरीवर टेकल्या. वहिनीने आत बोलावलं, पाणी दिलं, पण त्या आत आल्या नाहीत. दीड तास उन्हात बसून राहिल्या. आत मी आणि भाऊ काय बोललो ते इथे लिहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. छत्री उचलली, निघालो.

पंच मंडळींनो, ती पायरी मला प्रोजेक्टरवर दिसत नाही. माझ्या हरकतीचं मूळ तिथे आहे.

याच आक्का एकदा चुकल्याही. महिला संघाच्या पैशांत घोळ झाला, तेव्हा त्यांनी चार बायकांसमोर माझ्यावर संशय घेतला. हिशोब लागल्यावर संध्याकाळी सहाला होस्टेलच्या फाटकात आल्या, वॉर्डनबाईंना सांगून मला खाली बोलावलं आणि म्हणाल्या, “मी तुझ्याविषयी खोटं बोलले. मला क्षमा कर.” साठीच्या घरातली बाई, वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला. ख्रिस्ती माणसाने क्षमा कशी मागायची हे मला त्या फाटकात समजलं. एरवी कुठून समजलं असतं, मला माहीत नाही.

2021 साली आक्का प्रभूकडे गेल्या. गेली अकरा वर्षं मी दोन-दोन मुलींबरोबर बसते आहे. सध्याच्या दोघींतली एक फार्मसीला आहे, दुसरी साडीच्या दुकानात कामाला. शिवाय माझा मुलगा उद्यमनगरातल्या एका फिटर काकांकडे दर मंगळवारी जातो. बारावीत नापास झाल्यावर त्याने चर्चला येणं सोडलं होतं. काकांनी त्याला एकदाही ‘चर्चला चल’ म्हटलं नाही. दुकान बंद झाल्यावर त्याला लेथपाशी बसवून घ्यायचे, चहा पाजायचे, स्वतः तरुणपणी कुठे कुठे आपटले ते सांगायचे. आठ महिन्यांनी पोरगा आपणहून मागच्या बाकावर येऊन बसला. ठराव झाल्यावर त्याने काकांना फोन केला, “मंगळवारी येऊ का नको?” काका म्हणाले, “पंचांनी बंद केलंय बाळा.” पोराने फोन ठेवला आणि जेवायला आला नाही.

आता हरकती.

पहिली हरकत वर्गाला नाही, वर्ग जिथे ठेवलाय त्या जागेला आहे. वर्ग जरूर घ्या. आमच्या कितीतरी तरुणांना जुना करार कुठे संपतो हे सांगता येत नाही, त्यांना शिकवायलाच हवं. पण शिकवणं आणि शिष्य करणं यात काय फरक आहे ते मी माझ्या कामातून सांगते. पंचवीस वर्षं वॉर्डात आहे. शीर कशी शोधायची, सुई किती तिरकी धरायची, हे ट्रेनिंगला आलेल्या मुलींना तोंडपाठ असतं. तरी पहिल्यांदा एखाद्या म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात हातात आला की शीर बोटाखालून सरकते आणि पोरीच्या कपाळावर घाम येतो. तेव्हा मागून कुणीतरी सीनिअर येते, आपलं बोट तिच्या बोटावर ठेवते आणि हळू आवाजात म्हणते, “इथं बघ. घाई नको.” शेजारच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली हॉस्पिटल उभं केलं, पुढे तिथेच इथल्या मुलांना हाताशी धरून डॉक्टरकी शिकवली. आपल्याच तालमींत बघा, वस्ताद काठावर बसून डाव सांगतो का? लंगोट बांधून मातीत उतरतो आणि पठ्ठ्याला अंगावर घेतो. कोल्हापूरकराला हे मी काय सांगणार!

आणि आपल्या प्रभूनं काय केलं? मार्काच्या तिसऱ्या अध्यायात बारा जणांना नेमल्याचं वाचतो आपण. कशासाठी नेमलं, त्यात पहिलं कारण दिलंय ते त्यांनी त्याच्याबरोबर असावं हे. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. ते त्याच्याबरोबर जेवले, होडीत घाबरले, मोठा कोण यावरून त्याच्यादेखत भांडले.

दुसरी हरकत हजेरीची. आठपैकी सहा रविवार भरले तर प्रमाणपत्र, असं आपण म्हणता. बायबलमधल्या योहान मार्काचं काय झालं असतं? सुवार्तेच्या फेरीत पंफुल्यात पर्गा इथे तो पौल आणि बर्णबा यांना सोडून घरी निघून गेला. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार होईना. त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी बाचाबाची झाली की दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्काला घेतलं आणि कुप्राला, म्हणजे सायप्रस बेटावर, नेलं. काही वर्षांनी तुरुंगातून लिहिताना तोच पौल तीमथ्याला कळवतो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने काय काय केलं हे कुठेच लिहिलेलं नाही. हा बर्णबा कोण? नुकत्याच पालटलेल्या शौलाला, म्हणजे याच पौलाला, यरुशलेमात सगळे घाबरत होते, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा. आपल्या मंडळीतही असे मार्क आहेत. आठपैकी दोन रविवारीही ते येणार नाहीत. त्यांच्यासाठी कुप्राला जाणारं माणूस लागतं, आणि अशीच माणसं आपण घरी बसवलीत.

तिसरी हरकत. वार्षिक अहवालात ‘सोबत’पुढे आकडा लिहिता येत नाही, असं एका पंचांनी मला बाहेर गाठून सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांच्यासाठी आपल्याच शहरातली गोष्ट लिहिते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला. हाच रॉबर्ट पुढे अमेरिकेत, 1886 च्या उन्हाळ्यात, माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात होता आणि तिथे शंभर तरुणांनी परदेशातल्या सुवार्ताकार्यासाठी नावं दिली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. शंभरचा हा आकडा अहवालात शोभेल. पण त्याआधी प्रिन्स्टनच्या घरी रॉबर्टची बहीण ग्रेस त्याच्याबरोबर याच गोष्टीसाठी प्रार्थना करत होती. त्या खोलीत माणसं होती दोन.

चौथी गोष्ट लहान आहे. स्त्रियांना कुणीही विचारलं नाही. तीताच्या पत्रात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं स्पष्ट आहे, आणि तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोइस आणि आई युनीके यांच्या ठायी होता असं पौल लिहितो. आपल्या मंडळीत निम्म्याहून अधिक जोड्या बायकांच्या आहेत. ठराव झाला त्या बैठकीत एकही बाई नव्हती.

आता तक्रारी. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘काही तक्रारी’ असं म्हणून ज्याचं दुःख आहे त्याचंही आपण झाकून टाकलंत आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यावरही शिंतोडे उडवलेत. रविवारपासून लोक आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहतात.

मला जे कळलं ते असं: एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांच्याकडे येणाऱ्या तरुणाला ‘देवाने मला दाखवलंय’ असं सांगून पुण्याची नोकरी सोडायला लावली, पुढे ठरलेलं लग्नही मोडायला लावलं, आणि मधल्या काळात त्याच्याकडून उसने पैसे घेतले. हे खरं असेल तर ते पाप आहे. मी त्या गृहस्थांची बाजू घेणार नाही. असं पहिल्यांदा घडतंय असंही नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या काही शिक्षकांपासून एक चळवळ पसरली. तिच्यात प्रत्येक विश्वासणाऱ्याचा एक ‘मेंढपाळ’ असायचा आणि नोकरी, घर, लग्न यांतही त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही अशी वेळ कित्येकांवर आली. घरं मोडली. पुढे त्या पुढाऱ्यांपैकी बॉब ममफर्ड यांनी जाहीर माफी मागितली. आपल्याकडे तर धोका आणखी मोठा. आपण गुरूला उलट प्रश्न न विचारणाऱ्या मातीतले. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हणून गायलं ते आपल्याला इतकं भिडतं याचं कारणही हेच. पण म्हणूनच तर प्रभूनं मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना बजावलं की स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आणि तुम्ही सगळे भाऊ. आक्कांनी मला चार वर्षांत एकदाही ‘असं कर’ म्हटलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकून प्रार्थना केली. सोबत बसणाऱ्याचा हक्क इथे संपतो.

वॉर्डात एखाद्या सिस्टरकडून चुकीचं इंजेक्शन गेलं तर आम्ही चौकशी करतो, नियम कडक करतो, पेशंटची माफी मागतो. इंजेक्शन देणं बंद करत नाही. आपल्या ठरावाने नेमकं उलटं झालंय. त्या तरुणाच्या तक्रारीची चौकशी अजून झालेली नाही, त्याच्या घरी कुणी गेलेलं नाही, त्याचे पैसे परत मिळालेले नाहीत. मागच्या खोलीला मात्र कुलूप लागतंय.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. ठराव स्थगित करा आणि येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवा.

दोन. त्या तरुणाच्या तक्रारीची चौकशी तीन जणांकडे द्या. त्यात एक स्त्री आणि एक जण आपल्या मंडळीबाहेरचा असावा. त्याला त्या गृहस्थांसमोर बसवून बोलायला लावू नका. पैसे त्याला परत मिळेपर्यंत पाठपुरावा पंचांनी करावा.

तीन. ‘सोबत’साठी नियम लिहून काढा आणि ते उपासनेत वाचून दाखवा, जसा ठराव वाचला तसा. पुरुषाने मुलाबरोबर बसावं, स्त्रीने मुलीबरोबर. दार उघडं असावं, कधी बसतो ते घरच्यांना माहीत असावं, अठराच्या आतल्यांसाठी आईवडिलांची लेखी संमती असावी. पैशांची देवघेव नको. लग्न, नोकरी, घरदार यांत हुकूम नको, ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं’ ही भाषा तर नकोच. ऐकलेलं बाहेर जाऊ नये, अपवाद फक्त कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तेव्हा. तरुणाला कारण न देता थांबता यावं. आणि वर्षातून एकदा पंचांपैकी कुणीतरी तरुणांनाच विचारावं की कसं चाललंय. आम्हाला नको विचारायला, त्यांना विचारा.

चार. वर्ग सुरू करा, पण वर्ग संपल्यावर प्रत्येकाबरोबर पुढे कोण बसणार त्याचं नाव आधी ठरवा.

पाच. खोली राहू द्या. तिथे एक सतरंजी आहे, दोन खुर्च्या, एक पंखा. स्पीकर ठेवायला वरचा माळा आहे.

पाळकसाहेब, एक गोष्ट फक्त आपल्याला. आपली बदली होऊन इथे तीन वर्षं झाली. आमच्या प्रत्येक घरच्या दुखण्याला, मयताला, भांडणाला आपण येता. 2019 च्या महापुरात आमच्या मंडळीतल्या मुली आक्कांच्या घरातला गुडघाभर चिखल काढत होत्या, त्यात पूर्वी आक्कांकडे बसणारी म्हणून मीही होते. तेव्हा आक्का ओल्या भिंतीला टेकून म्हणाल्या होत्या, “पाळकाच्या घरी कोण जातं गं?” तेव्हा आपण इथे नव्हता. तो प्रश्न मी विसरले होते, या आठवड्यात आठवला. आपल्याबरोबर कोण बसतं, पाळकसाहेब? कुणी नसेल तर त्याची सोय करणं हेही या पंच मंडळाचं काम आहे, आणि माझी सहावी मागणी ती समजावी.

मागच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे आहे. ठराव मला मान्य नाही, पण किल्ली मंडळीची आहे, म्हणून येत्या रविवारी उपासनेनंतर ती या पत्रासोबत चिटणीसांकडे देईन. त्या दोन मुली सभेचा निर्णय होईपर्यंत शुक्रवारी चार वाजता माझ्या घरी येतील. दोघींच्या आयांना मी सांगितलं आहे, दार उघडं असेल. पंचांपैकी कुणालाही येऊन बसायचं असेल तर जरूर या. सध्या आम्ही रूथचा दुसरा अध्याय वाचतो आहोत.

ख्रिस्तात आपली बहीण,
मंडळीची एक सभासद